उपग्रह रिसिव्हर घेताय? संध्याकाळच्या आभाळाखाली तपासून घ्या

१० मे २०२४ ची गोष्ट आहे. अमेरिकेच्या मध्य-पश्चिम भागात मक्याची पेरणी ऐन भरात आली होती. तिकडच्या मोठ्या शेतांवर ट्रॅक्टर उपग्रहाच्या इशाऱ्यावर सरळ रेषेत चालतात, चालवणारा नुसता बसून असतो. त्या दिवशी चालू पेरणीत रेषा सरकायला लागल्या. अनेकांनी ट्रॅक्टर जागेवर थांबवले. डिझेल होतं, यंत्र धड होतं, उपग्रहही आपल्या जागी होते. बिघडलं होतं ते मधलं आभाळ. सूर्याकडून आलेलं चुंबकीय वादळ पृथ्वीवर आदळलं होतं. एवढ्या वरच्या श्रेणीचं वादळ ऑक्टोबर २००३ नंतर पहिल्यांदाच आलं. लडाखमध्ये हानले येथून त्या रात्री आकाश तांबूस दिसलं.

तुम्ही म्हणाल, अमेरिकेतल्या ट्रॅक्टरचं आपल्याला काय? तर तीच उपग्रहांची यंत्रं आता आपल्या बांधावर आली आहेत. भूमी अभिलेख खात्याची मोजणी रोव्हरने होते. फवारणीचा ड्रोन उपग्रहावर आपली जागा धरतो. काही ठिकाणी ट्रॅक्टरला सरळ रेषेत चालवणारी यंत्रं बसली आहेत. १५ ऑगस्ट २०२१ पासून ई-पीक पाहणीत आपण मोबाईलवरून पिकाचा फोटो टाकतो, त्यात जागेची नोंद उपग्रहावरूनच येते. आणि दुसरी गोष्ट, आपल्या भागातलं आभाळ बिघडायला अमेरिकेसारखं मोठं वादळ लागत नाही. ठराविक महिन्यांत ते साध्या संध्याकाळीही बिघडतं. म्हणून रिसिव्हर घ्यायचा असेल, भाड्याने आणायचा असेल किंवा त्याच्या मापावर सही करायची असेल, तर तो कधी आणि कसा तपासला हे विचारायला शिकलं पाहिजे.

मधल्या आभाळात काय आहे?

जीपीएसचे उपग्रह सुमारे २०,२०० किलोमीटर उंचीवरून फिरतात. त्यांच्याकडून रेडिओ लहर निघते आणि ती पोचायला किती वेळ लागला यावरून रिसिव्हर अंतर काढतो. वाटेत साधारण ६० ते १,००० किलोमीटर उंचीपर्यंत आयनांबर नावाचा पट्टा लागतो. उन्हाने तिथल्या विरळ हवेतल्या कणांचे तुकडे पडतात आणि मोकळे विद्युतकण तयार होतात. हा पट्टा तुमच्या ओळखीचा आहे. रात्री रेडिओवर मीडियम वेव्हला लांबची केंद्रं लागत, ती याच पट्ट्यावर आपटून आलेली असत.

उपग्रहाची लहर यातून आरपार येते, पण येताना अडखळते. विद्युतकण जितके दाट, तितका उशीर जास्त. शास्त्रज्ञांनी या दाटपणाला एक एकक ठरवलं आहे. एका एककाला जीपीएसच्या मुख्य लहरीत सुमारे १६ सेंटिमीटरची चूक पडते. सूर्य जोरात असलेल्या वर्षांत आपल्याकडे दुपारी हा आकडा १०० एककांच्या आसपास जाऊ शकतो. म्हणजे डोक्यावरच्या उपग्रहाचं अंतर १६ मीटरनी चुकलं. उपग्रहासोबत येणाऱ्या ढोबळ हिशोबाने यातली निम्म्याच्या आसपास चूक निघते, बाकीची राहते.

ही दुपारची चूक मोठी असली तरी सावकाश बदलते, म्हणून ती आवरता येते. दोन निरनिराळ्या लहरी पकडणारा रिसिव्हर दोन्हींच्या उशिरातला फरक पाहून ती जवळजवळ सगळी काढतो. मोजणीच्या रोव्हरला जवळच्या स्थिर केंद्राकडून दुरुस्ती मिळते. केंद्र आणि रोव्हर दोघांवरचं आभाळ सारखंच, म्हणून दोघांची चूक सारखी, आणि वजाबाकीत ती निघून जाते.

खरा त्रास सूर्य मावळल्यावर

गुऱ्हाळावर काहिलीत रस उकळताना पाहिला आहे ना? खालून बुडबुडा उठतो आणि वरचा दाट रस फाडून वर येतो. आयनांबरात सूर्यास्तानंतर असंच काहीसं होतं. खालच्या थरातले विद्युतकण लवकर विझतात आणि तो विरळ होतो. वरचा थर अजून दाट असतो. दाट वर आणि विरळ खाली, ही मांडणी टिकत नाही. विरळ भाग बुडबुड्यासारखा वर घुसतो. हे बुडबुडे दक्षिणोत्तर लांबच लांब असतात. त्यांची पूर्व-पश्चिम रुंदी दहा-वीस किलोमीटरपासून शंभर-दोनशे किलोमीटरपर्यंत असते आणि ते साधारण सेकंदाला १०० मीटर वेगाने पूर्वेकडे सरकतात.

अशा बुडबुड्यातून आलेली लहर ताऱ्यासारखी लुकलुकते. क्षणात जोरात, क्षणात मंद. मोजणीचा रिसिव्हर लहरीच्या एकेक लाटा मोजून सेंटिमीटरपर्यंतचं माप देतो, आणि जीपीएसच्या मुख्य लहरीची एक लाट १९ सेंटिमीटरची असते. लुकलुकताना त्याची मोजणी एका लाटेने चुकली की त्या उपग्रहाच्या अंतरात जवळजवळ वीतभर फरक पडला. दोन-चार उपग्रहांच्या बाबतीत तसं झालं की जागाच सरकते. केंद्रावर आभाळ स्वच्छ आणि रोव्हरवर बुडबुडा असला, तर वजाबाकीचाही उपयोग होत नाही.

हे कुठे होतं? पृथ्वीच्या चुंबकीय विषुववृत्ताच्या दोन्ही बाजूंना. ती रेषा भारताच्या दक्षिण टोकाजवळून जाते. म्हणूनच तिरुवनंतपुरमजवळ थुंबा येथे अग्निबाणाचं केंद्र झालं आणि २१ नोव्हेंबर १९६३ रोजी तिथून पहिला अग्निबाण उडाला. विद्युतकण त्या रेषेवरून कारंज्यासारखे वर उचलले जातात आणि उत्तरेला अहमदाबाद-भोपाळच्या पट्ट्यात खाली साचतात. महाराष्ट्र या दोन्हींच्या मधोमध येतो, म्हणजे कारंज्याच्या कमानीखालीच.

केव्हा होतं? आपल्याकडे साधारण संध्याकाळी साडेसात ते मध्यरात्र या वेळात. फेब्रुवारी ते एप्रिल आणि सप्टेंबर-ऑक्टोबर या महिन्यांत जास्त, जून-जुलैत कमी. आणि सूर्याच्या ११ वर्षांच्या फेऱ्यात तो जोरात असतो तेव्हा सर्वांत जास्त. सध्याच्या फेऱ्यात सूर्याचा जोर वर पोचल्याचं ऑक्टोबर २०२४ मध्ये जाहीर झालं.

हे महिने आपल्या कामाशी ताडून बघा. रब्बी ज्वारीची पेरणी सप्टेंबर-ऑक्टोबरातच येते. ओल उडून जायच्या आत उरकायचं म्हणून ट्रॅक्टर दिवे लावून रात्री चालतात. फेब्रुवारी-मार्चमध्ये ऊसतोडणी यंत्र रात्रभर फडात असतं. फवारणीला वारा पडलेला हवा, म्हणून ड्रोनही संध्याकाळी लांबतो.

ब्राझीलच्या उसात झालेली तपासणी

आपल्यासारखाच ऊस आणि आपल्यासारखंच आभाळ असलेला देश म्हणजे ब्राझील. तिथल्या साओ पाउलो राज्यात देशातला सर्वांत जास्त ऊस होतो. लागण आणि तोडणी यंत्रांनी रात्रंदिवस चालते, आणि कारंज्याची दक्षिणेकडची कमान त्याच भागावर येते. म्हणून २०१० मध्ये युरोपीय संघाच्या मदतीने 'सिगाला' नावाचा प्रकल्प सुरू झाला. रिसिव्हर बनवणारी बेल्जियमची सेप्टेंट्रिओ कंपनी आणि साओ पाउलो राज्याचं विद्यापीठ त्यात होतं. त्या विद्यापीठाचं प्रेसिदेंते प्रुदेंते येथील केंद्र शेतीच्या मुलखातच आहे.

त्यांनी ब्राझीलमध्ये ठिकठिकाणी खास रिसिव्हर बसवले. साधा रिसिव्हर सेकंदाला एखादी नोंद ठेवतो, हे ५० किंवा त्याहून जास्त ठेवत. लहरीची लुकलुक मोजायचा एक आकडा आहे. तो ०.३ च्या खाली असला तर लुकलुक मंद, ०.६ च्या वर गेला तर तीव्र. कोणत्या महिन्यात, किती वाजता, आकाशाच्या कोणत्या बाजूला हा आकडा चढतो आणि त्या वेळी रिसिव्हर किती उपग्रह सोडून देतो, हे नोंदवलं. त्यावरून रिसिव्हरच्या आतली लहर धरून ठेवायची पद्धत सुधारायची आणि सुधारलेला रिसिव्हर पुन्हा त्याच आभाळाखाली लावायचा. पुढे २०१२ मध्ये 'कॅलिब्रा' हा दुसरा प्रकल्प आला. इंग्लंडचं नॉटिंगहॅम विद्यापीठ त्यात पुढे होतं. शेती, मोजणी अशा बारीक मापाच्या कामात ही चूक कशी आवरायची, यावर त्याचा भर होता.

यात आपल्यासाठी एक धडा आहे. ब्राझीलमध्ये हा त्रास साधारण सप्टेंबर ते मार्च असतो, आपल्याकडे मार्च आणि सप्टेंबरच्या आगेमागे. युरोपातल्या आभाळात तर असे बुडबुडे सहसा नसतातच. तेव्हा परदेशातल्या तपासणीचा कागद खोटा नसतो, पण तो तिथल्या आभाळाचा असतो. पुसाचं वाण आपल्या कोरडवाहू रानात घेण्याआधी आपण प्रात्यक्षिक प्लॉट बघतोच ना? तसंच हे.

प्रयोगशाळेत कशी तपासणी होते?

खऱ्या आभाळाची एक अडचण असते. आज बुडबुडे आले, उद्या येतील याचा भरवसा नाही. दहा रिसिव्हर एकमेकांशी ताडून बघायचे तर सगळ्यांना सारखंच आभाळ मिळालं पाहिजे. त्यासाठी सिम्युलेटर नावाचं यंत्र वापरतात. ते बंद खोलीत उपग्रहांसारख्या लहरी तयार करतं आणि तारेने रिसिव्हरला देतं. आधी स्वच्छ आभाळ, मग मंद लुकलुक, मग तीव्र, असं पायरीपायरीने वाढवत नेतात. खऱ्या बिघडलेल्या रात्रीची लहर नोंदवून ठेवून तीच पुन्हा पुन्हा वाजवण्याचीही पद्धत आहे, आपण टेप वाजवतो तशी.

यात चार गोष्टी बघतात. एक, रिसिव्हर किती उपग्रह सोडतो. दोन, लाटांची मोजणी किती वेळा चुकते. तीन, सुटलेलं माप परत पक्कं व्हायला किती वेळ लागतो. आणि चौथी सर्वांत महत्त्वाची: माप चुकलं असताना रिसिव्हर तसं सांगतो का? पडद्यावर 'फ्लोट' आलं तर आपण थांबतो. पण चुकीच्या जागेवर 'फिक्स' दाखवलं, तर आपण खूण ठोकून मोकळे होतो. अडखळला आणि कबूल केलं, तो रिसिव्हर चालेल. अडखळूनही 'फिक्स' म्हणणारा नको.

गावात आपण काय करू शकतो?

सिम्युलेटर महागाचा असतो, तो गावात येणार नाही. पण पुढची तपासणी शेतकरी गट, अवजार बँक किंवा ग्रामपंचायत स्वतः करू शकते.

१. न हलणारी एक खूण पक्की करा. सिमेंटमध्ये रोवलेला दगड चांगला. आजूबाजूला झाड, पत्र्याचं शेड, विजेच्या मोठ्या तारा नकोत. आभाळ चारही बाजूंनी मोकळं हवं.

२. रिसिव्हर खुणेवर तिकाटण्यावर उभा करा. हातात धरलेल्या काठीवर ही तपासणी होत नाही. सकाळी आठ ते दहा, दुपारी एक ते तीन आणि संध्याकाळी साडेसात ते साडेदहा, अशा तीन वेळा नोंदी घ्या. एका दिवसावर भागवू नका, निदान आठवडाभर चालवा. तोही मार्च किंवा सप्टेंबर-ऑक्टोबरातला असावा.

३. वहीत रकाने आखा: तारीख, वेळ, आलेली जागा, उपग्रहांची संख्या, 'फिक्स' की 'फ्लोट'. दर पाच मिनिटांनी एक ओळ लिहा.

४. दर अर्ध्या तासाने अँटेनावर लोखंडी घमेलं मिनिटभर पालथं धरा. उपग्रह सुटतील. घमेलं काढल्यावर माप परत पक्कं व्हायला किती वेळ लागतो आणि आलेली जागा आधीच्या जागेशी जुळते का, ते लिहा. जागा वीतभर सरकली आणि तरी 'फिक्स' दिसतंय, तर त्या ओळीखाली लाल रेघ मारा.

५. दोन रिसिव्हर मिळाले तर दोन खुणा करून मधलं अंतर टेपने मोजा, समजा १० मीटर. दोघांनी दिलेल्या जागांवरून हेच अंतर सकाळीही यायला हवं आणि रात्रीही.

६. दोष आभाळाचा की जागेचा, हे ओळखायची एक युक्ती आहे. जीपीएसचे उपग्रह रोज साधारण ४ मिनिटं आधी त्याच ठिकाणी येतात. चूक रोज दिसते आणि रोज ४ मिनिटं आधी येते, तर ती जवळच्या झाडाची किंवा पत्र्याची. काही संध्याकाळीच येते, दिवसा नसते, तर ती आभाळाची.

विक्रेत्याला काय विचाराल?

विक्रेता बहुतेक वेळा भर दुपारी मोकळ्या रानात यंत्र लावतो, अर्ध्या मिनिटात 'फिक्स' आणून दाखवतो आणि आपण खूश होतो. ते प्रात्यक्षिक खोटं नाही, पण अपुरं आहे. विचारा: यंत्र किती लहरी पकडतं? एकच असेल तर बारीक कामाला घेऊ नका. किती देशांचे उपग्रह घेतं? जितके जास्त, तितकं एका बाजूचं आभाळ बिघडलं तरी दुसऱ्या बाजूवर निभतं. आपला 'नाविक' घेतं का? २९ मे २०२३ रोजी सोडलेल्या एनव्हीएस-०१ पासून नाविकमध्ये मोबाईलला सोयीची एल-१ लहरही आली आहे. भारतात सप्टेंबर-ऑक्टोबरच्या रात्री तपासल्याच्या नोंदी आहेत का? नसतील, तर आठ दिवस आमच्या खुणेवर ठेवाल का?

आणखी एक सावधगिरी. आता सूर्याचा जोर ओसरत जाईल आणि पुढची काही वर्षं शांत येतील. त्या वर्षांत सगळेच रिसिव्हर तपासणीत उत्तम उतरतील. पण सूर्य पुन्हा २०३५ च्या आगेमागे जोरात येणार, आणि तेव्हा तेच यंत्र आपल्याकडे असेल. म्हणून शांत वर्षात खरेदी करणाऱ्या गटाने सिम्युलेटरवरच्या तीव्र लुकलुकीचा अहवाल मागावाच.

तलाठी, ग्रामपंचायत अधिकारी आणि पंचांसाठी

घाबरून जायचं कारण नाही. सरकारी मोजणी दिवसा होते आणि बुडबुड्यांचा त्रास मुख्यतः रात्रीचा असतो. पण माप घेताना काम लांबून अंधार पडला किंवा मोठं चुंबकीय वादळ आलं, तर तेवढं काम दुसऱ्या दिवशी सकाळी परत बघितलेलं बरं. १०० मीटर लांबीचा बांध ३० सेंटिमीटर सरकला तर ३० चौरस मीटर जमीन इकडची तिकडे होते, म्हणजे गुंठ्याच्या तीन दशांशाला थोडी कमी. भावाभावांत कोर्ट व्हायला एवढी पुरते.

तेव्हा हद्दीच्या प्रत्येक खुणेचं माप दोनदा घेतलेलं असावं, मध्ये रिसिव्हरला उपग्रह सोडून परत पकडायला लावून. नोंदीत तारखेसोबत वेळ आणि 'फिक्स'ची स्थिती लिहिलेली असावी. खासगी रोव्हरने काढलेली रेषा ही आपल्या माहितीपुरती, हद्दीचा वाद असेल तर भूमी अभिलेखची रीतसर मोजणीच घ्यावी.

ई-पीक पाहणी करताना मोबाईल काही मीटर इकडेतिकडे दाखवणारच. बांधावर उभं राहून फोटो काढला तर जागा शेजारच्या गटात पडू शकते. शेताच्या मध्यावर जा, झाडाखाली थांबू नका, जागेची खूण स्थिर होऊ द्या आणि मग फोटो घ्या.

संध्याकाळी ट्रॅक्टर किंवा ड्रोन चालवताना उपग्रहांची संख्या एकदम घसरली तर थांबा. १०० किलोमीटर रुंदीचा बुडबुडा डोक्यावरून सरकायला १५ ते २० मिनिटं लागतात. पाठोपाठ दुसरा येऊ शकतो, म्हणून अर्धा तास वाट बघा आणि एखाद्या ओळखीच्या खुणेवर माप जुळवूनच पुढची तास धरा.

या आभाळाचा अभ्यास आपल्याकडे जुना आहे. कलकत्त्याच्या शिशिरकुमार मित्रांनी १९४० च्या दशकातच आयनांबरावर मोठं काम केलं. मुंबईच्या कुलाबा वेधशाळेने सप्टेंबर १८५९ चं प्रचंड सौर वादळ नोंदवलं. पुढे मुंबईत विजेच्या ट्राम येणार म्हणून या नोंदींसाठी अलिबागला वेधशाळा झाली आणि १९०४ पासून तिथे नोंदी होत आहेत. विमानांसाठीच्या 'गगन' यंत्रणेकरिता इस्रोने देशभर केंद्रं उभारून आपल्या आभाळाचा वेगळा हिशोब बसवला, कारण बाहेरचा हिशोब इथे पुरला नाही. विमानासाठी एवढी काळजी घेतली जाते, तर शेतासाठी निदान एक दगड, एक वही आणि आठ संध्याकाळ आपण द्यायला हरकत नाही. ज्या गटांना येत्या मार्चमध्ये किंवा सप्टेंबरमध्ये ही तपासणी करायची असेल, त्यांनी आताच खुणेचा दगड रोवून घ्यावा.